अपाची टोपल्या: त्यांची परीक्षा व त्यांची नोंद

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येच्या घरी, अमेरिकेतील संयुक्त संस्थानांपैकी अरिझोना संस्थानात, काही महिने राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील फीनिक्स शहरी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून आमच्या जामातांनी आमच्या हौसेखातर एक पसरट टोपली खरेदी केली. व्यास वीतभर; रंग जुन्या कागदासारखा पिवळसर; मध्यापासून कडेपर्यंत काळ्या वक्र रेषा भोवऱ्याप्रमाणे फिरत गेलेल्या. दोऱ्याने बांधलेल्या एका जीर्ण चिठ्ठीवर ‘अपाची’ एवढा एकच शब्द. पुढे त्याच शहरातील हर्ड वस्तुसंग्रहालयात (स्थापना १९२९) खऱ्या अपाची टोपल्या पाहिल्या, दोनचार ग्रंथ चाळले, आणि आमच्या टोपलीची चिठ्ठी खोटी आहे अशी आमची खात्री झाली. ती कशावरून खोटी ठरली आणि अशा चिठ्ठ्यांपायी काय काय कायमचे हरवले, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

पोथ्या व दप्तरे जमवणाऱ्या वाचकांस टोपल्यांशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्पिका नसलेली पोथी हाती आली असता आपण काय करतो? कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचे वळण पाहतो, आणि ती कोणाच्या घरून आली हे विचारतो. टोपलीस पुष्पिका कधीच नसते. म्हणून तिचे परीक्षण ह्याच मार्गाने, किंबहुना ह्याहून अधिक कसोशीने, करावे लागते.

अपाची हे एका जमातीचे नाव नसून अनेक जमातींचे मिळून पडलेले नाव आहे, आणि तेही परक्यांनी दिलेले. पश्चिमेकडील अपाची स्वतःस ‘न्दे’, म्हणजे माणसे, असे म्हणवतात. ह्यांच्या भाषा अथापास्कन कुळातील असून त्या कुळातील इतर भाषा थेट कॅनडा व अलास्का येथे बोलल्या जातात. ह्यावरून त्यांचे पूर्वज उत्तरेकडून खाली आले असे विद्वान मानतात. पश्चिम अपाची अरिझोना संस्थानात सॅन कार्लोस व फोर्ट अपाची ह्या दोन राखीव मुलखांत राहतात. हिकारिया व मेस्कालेरो हे न्यू मेक्सिको संस्थानात. चिरिकावा अपाचींचा जेरोनिमो १८८६ साली शरण आला व त्याचे लोक युद्धकैदी म्हणून फ्लोरिडा, अलाबामा व अखेरीस ओक्लाहोमा येथे नेले गेले. त्यांची सुटका १९१३ साली झाली. पुरुषांच्या लढायांनी ग्रंथांची पाने भरली आहेत. स्त्रियांच्या हातचे काम मात्र ग्रंथांत अल्प व काचेच्या कपाटांत विपुल आहे.

हे काम स्त्रियांचेच. आमच्या वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या धंद्यांची जी यादी आहे तीत ‘बिदलकारी’ असा शब्द येतो, आणि तो स्त्रीलिंगी आहे. वेळू चिरणारी स्त्री असा त्याचा अर्थ घेतात. विणणारी न म्हणता चिरणारी म्हटले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण टोपलीचे निम्मे काम चिरण्यातच होते. अपाची स्त्री वाळुंजाच्या जातीच्या झाडाची किंवा कॉटनवुड वृक्षाची कोवळी काडी घेते, तिचे एक टोक दातांत धरते व उरलेले दोन भाग दोन हातांनी ओढून काडीचे तीन उभे भाग करते. त्यांतून गाभा काढून, पापुद्रे तासून सारख्या रुंदीच्या पट्ट्या तयार होतात. पट्टी जितकी सारखी तितकी वीण सारखी. येथे चूक झाली तर पुढे कोणतेही कौशल्य ती झाकू शकत नाही.

टोपल्यांचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला हारा. जंगलातून फळे, मुळे, सर्पण आणण्यासाठी तो पाठीवर घेत व त्याचा पट्टा कपाळावरून किंवा छातीवरून जाई. हा पीळ देऊन गुंफलेला असतो, म्हणजे उभ्या काड्यांच्या भोवती दोन आडव्या पट्ट्या एकमेकींस पीळ घालीत नेतात. बूड हरणाच्या कातड्याने मढवतात. कातड्याच्या झिरमिळ्या चारही अंगांनी लोंबत्या ठेवतात व त्यांच्या टोकांस पत्र्याच्या लहान नळकांड्या बांधतात. चालताना त्या किणकिणतात. हा पत्रा पुष्कळदा टाकून दिलेल्या डब्यांचा असे.

दुसरा प्रकार ‘तुस’ नावाची पाण्याची सुरई. हीही पिळाच्या गुंफणीचीच. वीण पूर्ण झाल्यावर जुनिपर झाडाचा कुटलेला पाला व तांबडी माती तिच्या फटींत चोळतात, आणि नंतर पिन्यन नावाच्या पाईन वृक्षाची वितळलेली राळ आतून बाहेरून फासतात. घागर फुटते, सुरई फुटत नाही. ज्या लोकांस वारंवार मुक्काम हलवावा लागे त्यांस मडक्यापेक्षा ही सोयीची का वाटली, हे निराळे सांगावयास नको. दिसण्यात ती अगदीच ओबडधोबड, राळेने माखलेली, म्हणून हौशी संग्राहकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. आमच्या मते तिन्ही प्रकारांत हीच सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू आहे.

तिसरा प्रकार वेटोळ्याच्या विणीचा, आणि संग्राहकांची उडी ह्यावरच. आमच्याकडील चुंबळ डोळ्यांपुढे आणावी. काड्यांचा एक जुडगा केंद्रापासून वर्तुळाकार फिरवीत नेतात, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यास चिरलेल्या पट्टीने टाके घालून जखडतात. टाका घालण्यासाठी आधी आरीने भोक पाडावे लागते. पूर्वी आरी हाडाची असे, पुढे पोलादाची झाली. ह्या रीतीने पसरट ताटे, खोल वाडगे व धान्याच्या कणगीसारख्या मोठ्या सुरया करतात. काळी नक्षी रंगवलेली नसते, हे नवख्या माणसास खरे वाटत नाही. एका वनस्पतीच्या फळाच्या वाळलेल्या शिंगांची साल मुळातच काळी असते. तिच्या पट्ट्या काढून त्यांनी काळे टाके घालतात. ह्या फळास तिकडे ‘सैतानाचे नख’ अशा अर्थाचे नाव आहे. आमच्याकडे पावसाळ्यानंतर उकिरड्यांच्या व रस्त्यांच्या कडेला दोन आकड्यांचे जे काळे फळ मुले गोळा करतात व ज्यास विंचू किंवा वाघनखी म्हणतात, ते ह्याच कुळातील; तेही मूळचे मेक्सिकोकडचे असून आपल्या देशात मागाहून पसरलेले आहे. आमच्या वाघनखीचे आकडे आखूड, तिकडच्या फळाची शिंगे वीतभर लांब. तो काळा रंग उन्हाने विटत नाही. तांबूस रंग हवा असल्यास यूका ह्या घायपातासारख्या झाडाच्या मुळातून पट्ट्या काढतात.

आता परीक्षेकडे वळू. टोपली ओळखताना नवखा मनुष्य नक्षीकडे पाहतो. जाणता मनुष्य कड कोठे झिजली आहे ते शोधतो. झिजलेल्या जागी टाके तुटून आतील जुडगा उघडा पडतो, आणि टोपलीचे कुळ तेथेच कळते. पश्चिम अपाचींच्या वेटोळ्यात तीन अखंड काड्या असतात, दोन शेजारी व एक त्यांच्या खाचेवर, अशा त्रिकोणी रचनेच्या. त्यामुळे फेऱ्यांची कड बोटास गोल व टणक लागते. हिकारियांच्या टोपलीत बहुधा पाच किंवा तीन जाडसर काड्या असतात. टोपली वजनदार, पुष्कळदा उंच डब्याच्या आकाराची, आणि रंग विलायती बुकणीचे, म्हणून बाहेरून विटलेले व आतून भडक. त्यांचे नावही ‘लहान टोपली’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून पडले असे सांगतात. मेस्कालेरोंच्या वेटोळ्यात काड्या एकीवर एक उभ्या रचून वर तंतूंची जुडी घालतात, म्हणून फेरा रुंद व चपटा दिसतो आणि यूकाच्या पानांचे पिवळे-हिरवे टाके त्यावर शोभतात.

आमच्या टोपलीची कड अंगठ्याच्या नखाएवढी तुटलेली होती. भिंगाने पाहिले असता आत काडी एकही नाही. पाणकणसाच्या चिरलेल्या देठांची बारीक, घट्ट दाबलेली जुडी. मध्यभाग पाहिला, तेथे पट्ट्यांची चौकडीसारखी गाठ. अपाची टोपली बहुधा काळ्या वाटोळ्या बिंदूने सुरू होते. कड पाहिली; ती वेणीसारखी गुंफलेली. हे सर्व पिमा लोकांचे विशेष, जे स्वतःस अकिमेल ओओधाम म्हणजे नदीचे लोक म्हणवतात व जे गिला नदीच्या पाटपाण्यावर शेती करीत आले. भोवऱ्यासारखी फिरणारी नक्षीही त्यांच्या आवडीची. म्हणजे लढवय्या अपाचींच्या नावाने विकली गेलेली वस्तू त्यांच्या शेतकरी शेजाऱ्यांची, आणि ते शेजारी त्यांचे जुने वैरी. दुकानदाराने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. ‘अपाची’ हा शब्द खपतो, ‘पिमा’ हा तितका खपत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यास एवढे कारण पुरे झाले असेल.

हा खप केव्हा वाढला, हे पाहणे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पुढे सुमारे तीस वर्षे अमेरिकेतील सधन घरांत इंडियन टोपल्या जमवण्याचे वेडच शिरले होते. जॉर्ज व्हार्टन जेम्स ह्यांचा टोपल्यांवरील ग्रंथ १९०१ साली व ओटिस मेसन ह्यांचा मोठा ग्रंथ १९०४ साली निघाला, ही त्या वेडाची कारणेही आणि फळेही. १८९८ साली आगगाडी सॅन कार्लोसच्या मुलखातून ग्लोब गावापर्यंत पोहोचली. इकडे राखीव मुलखात शिधा मिळे. पत्र्याच्या बादल्या व गोणपाटाच्या पिशव्या आल्या. तुस व हारा ह्यांची घरची गरज ओसरली आणि बाहेरची मागणी वाढली. तेव्हा त्या स्त्रियांनी घरी न लागणाऱ्या वस्तू विणावयास घेतल्या. कमरेइतक्या उंच सुरया, ज्यांत धान्य क्वचितच पडले असेल, बऱ्याच अंशी ह्याच काळातल्या. अशी एक सुरई विणण्यास कित्येक महिने लागत. माणसे, कुत्री, घोडे ह्यांच्या आकृतीही ह्याच काळात दाटीने दिसू लागतात.

काही संग्राहक अशा टोपल्यांस बाजारी ठरवून नाक मुरडतात. हे आम्हांस पटत नाही. धनिकाच्या सांगण्यावरून सोनेरी शाईने लिहिलेली गीतेची प्रत पाठासाठी लिहिली नव्हती म्हणून आपण लेखकाचे अक्षर वाईट म्हणत नाही. त्या उंच सुरयांच्या फुगीर पोटावर काळ्या शंकरपाळ्यांचे जाळे गळ्यापासून बुडापर्यंत चढत-उतरत जाते आणि कोठेही एक घर कमी-जास्त होत नाही. हे कागदावर आखून घेतलेले नसे. सर्व मोजणी विणणारीच्या डोक्यात. विक्रीच्या आशेने हात वाईट झाला असे त्यांवरून दिसत नाही.

नक्षीच्या अर्थाविषयी मात्र सावध असावे. ही वीज, हा पर्वत, हा जीवनमार्ग, असे सांगितले की गिऱ्हाईक खूश होते, हे व्यापाऱ्यांनी लवकरच ओळखले. हेलन रॉबर्ट्स ह्यांनी सॅन कार्लोसच्या टोपल्यांचा बारकाईने अभ्यास करून १९२९ साली तो प्रसिद्ध केला. वीण, साधने व नक्षीची रचना ह्यांसाठी तो आजही हाताशी ठेवावा. दुकानात ऐकलेली गोष्ट त्याच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते. स्थलमाहात्म्ये वाचण्याची आम्हांस सवय असल्याने ह्या प्रकाराचे नवल वाटले नाही.

खरा धार्मिक संबंध नक्षीत नसून टोपलीच्या उपयोगात आहे. मुलगी वयात आल्यावर पश्चिम अपाचींत चार दिवसांचा जो संस्कार होतो त्यात तिच्या मस्तकावर टोपलीतून मक्याचे दाणे व मिठाई ओततात. मेस्कालेरोंत पूर्वेकडे ठेवलेल्या टोपलीस मुलगी धावत वळसा घालून येते. हे संस्कार आजही होतात, व त्यांसाठी टोपल्या आजही विणल्या जातात. म्हणून ह्या कलेस लुप्त म्हणणे चूक आहे.

येथवर जे सांगितले ते भिंगाने कळण्यासारखे. आता जेथे भिंग निरुपयोगी ठरते तो भाग. अरिझोनाच्या मध्यभागी यावापाई नावाचे लोक राहत. त्यांची भाषा यूमन कुळातील. अपाचींच्या भाषेशी तिचा काही संबंध नाही. परंतु अमेरिकन लष्कराने त्यांनाही अपाची समजून ‘मोहावे-अपाची’ वगैरे नावे दिली. १८७५ सालच्या हिवाळ्यात सुमारे दीड हजार यावापाई व टोंटो अपाची स्त्री-पुरुषांस कँप व्हर्डी येथून सॅन कार्लोसपर्यंत, सुमारे १८० मैल, डोंगरांतून चालवीत नेले. वाटेत कित्येक दगावले. पुढे पाव शतक यावापाई व अपाची एकाच मुलखात शेजारी नांदले. शतक संपण्याच्या सुमारास यावापाई हळूहळू आपल्या देशी परतले, व १९०३ साली फोर्ट मॅकडॉवेल येथे त्यांस राखीव मुलूख मिळाला. पण त्या पंचवीस वर्षांत दोघींच्या टोपल्या एक झाल्या. तीच तीन काड्यांची रचना, तेच वाळुंज, तीच काळी शिंगे. नक्षी सुटसुटीत असेल तर यावापाई व गजबजलेली असेल तर अपाची, असा एक ठोकताळा विक्रेत्यांत चालतो; आमचा त्यावर भरवसा नाही, आणि जाणते अभ्यासकही तो बेताबेतानेच वापरतात.

म्हणजे १८७५ नंतरच्या टोपलीवर जुन्या अक्षरात ‘अपाची’ असे लिहिलेले असले, तर त्या शब्दाने ती अपाची ठरत नाही. कारण लिहिणाऱ्याच्या काळी त्याच शब्दात यावापाईही मोडत. पेशवे दप्तरातील ‘टोपीकर’ हा शब्द पाहून तो फरंगी की इंग्रज हे जसे ठरवता येत नाही, तसेच हे. अशा वेळी एकच साक्ष उरते: ती टोपली कोणी, कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाच्या हातून घेतली ही नोंद. आणि ती नोंद बहुतेक ठिकाणी नाही. जुन्या संग्रहांच्या याद्यांत विकत घेणाऱ्या गृहस्थाचे किंवा बाईंचे नाव असते, किंमत असते, कधी खोलीतील जागाही असते. जिने चार-सहा महिने दातांनी काड्या चिरल्या तिचे नाव बहुधा नसते. ती समोर बसलेली असताना, भाव ठरत असताना, विचारण्यास एक क्षण पुरला असता.

ज्यांची नावे राहिली ती मोजकी. यावापाईंपैकी व्हायोला जिमुला ह्या १९४० पासून १९६६ साली मृत्यू येईपर्यंत प्रेस्कॉट येथील आपल्या लोकांच्या प्रमुख होत्या, आणि उत्तम विणणाऱ्याही. त्या प्रमुख नसत्या तर त्यांच्या टोपल्यांवर त्यांचे नाव राहिले असते की नाही, कोण जाणे. नेव्हाडा संस्थानातील वाशो जमातीच्या दात्सोलाली ह्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या टोपल्या विकणाऱ्या कोन नावाच्या दांपत्याने त्यांच्या प्रत्येक टोपलीस क्रमांक देऊन वही ठेवली. त्या वहीमुळे त्यांचे काम आज ओळखता येते. पण त्याच दांपत्याने गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याविषयी अनेक कहाण्याही मनाने रचल्या, व त्या पुसून काढण्यास अभ्यासकांस पुढे पुष्कळ कष्ट पडले.

दुसऱ्यांस दोष देताना आमचाही एक दोष सांगणे प्राप्त आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, शाळेत नुकतेच लागलो असता, एका विद्यार्थ्याच्या आजीने आम्हांस पाच पोथ्यांचे गाठोडे दिले. रुमाल मळका व कसरीने खाल्लेला होता. त्याच्या एका टोकास शाईने काही अक्षरे होती. आम्ही पोथ्या काढून नवीन रुमालात बांधल्या आणि जुना टाकून दिला. पोथ्यांपैकी तिहींस पुष्पिका नाही. त्या कोठे लिहिल्या गेल्या हे त्या टोकावर होते की काय, हा प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. त्या आजीबाईंचे नावही आम्ही लिहून घेतले नव्हते.

संग्राहकांच्या उपयोगाच्या दोनचार गोष्टी सांगून लेख पुरा करतो. अमेरिकन सरकारने १९९० साली केलेल्या एका कायद्याने, इंडियनांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे गुन्हा ठरवले आहे. तरी परदेशी नकला बाजारात येतातच. नवाहो लोकांच्या विधीच्या टोपलीची नक्कल पाकिस्तानात विणून तिकडे विकली जाते, असे तेथील जाणकार सांगतात. त्याच साली झालेल्या दुसऱ्या कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या वस्तुसंग्रहालयांस थडग्यांतील व पवित्र वस्तू ज्या त्या जमातीस परत देणे भाग पडले. परतलेल्या काही वस्तूंवर किडीसाठी पूर्वी सोमल फासलेला आढळला, आणि संस्कारात हाताळण्याच्या वस्तू हाताळणेच धोक्याचे झाले. म्हणून जुन्या संग्रहातील टोपली हातमोजे घातल्याशिवाय धरू नये, व तुंबडीसारखी कडेला धरून कधीच उचलू नये. दोन्ही तळहात बुडाखाली द्यावेत. धुऊ नये. तुस उन्हात ठेवल्यास राळ वितळून ओघळते. तुटलेली कड दुरुस्त करवून घेण्याचा मोह टाळावा. कुळ सांगणारी जागा तीच.

आमच्या टोपलीस आता आम्ही नवीन चिठ्ठी बांधली आहे. तीवर असे लिहिले आहे: ‘पिमा. विणणारीचे नाव कळले नाही. फीनिक्स येथील दुकानातून घेतली. कडेच्या तुटलेल्या जागी पाणकणसाची जुडी दिसते, त्यावरून ठरवले. पूर्वीची चिठ्ठी “अपाची” अशी होती. ती सोबत ठेवली आहे.’ जुनी चिठ्ठी खोटी असली तरी टाकलेली नाही.